पहिल्या धारेचे वाचन

मराठी लग्नांत म्हटल्या जाणाऱ्या मंगलाष्टकांत समुद्रमंथनातून निघालेल्या चौदा रत्नांचा एक श्लोक असतो. लक्ष्मी, कौस्तुभ, पारिजातक अशी नावे घेता घेता गुरुजी त्याच पंक्तीत ‘सुरा’ हा शब्दही सहज उच्चारून जातात, आणि जन्मात दारूच्या दुकानाची पायरी न चढलेली मंडळी श्रद्धेने अक्षता टाकतात. सुरेचे दुसरे नाव वारुणी, म्हणजे वरुणाची लेक, समुद्राची कन्या. या श्लोकाकडे आमचे लक्ष गेले ते वरळी कोळीवाड्यातल्या एका लग्नात. मांडवामागे शंभर पावलांवर समुद्र होता आणि आदल्या रात्री हळदीत या रत्नाचा यथेच्छ अनुभव घेतलेले वऱ्हाडी डोळे चोळत अक्षता हातात घेऊन उभे होते. समुद्राची लेक आणि समुद्राची लेकरे यांचे नाते इतके जुने असताना मराठी साहित्यात त्याविषयी धड एक परिच्छेद का सापडू नये, असा प्रश्न आम्हांला तिथे पडला. हा लेख त्या प्रश्नाचा आहे. व्हिस्की त्यात निमित्तमात्र आहे, पण निमित्त असल्यामुळे तिच्यापासूनच आरंभ करणे भाग आहे.

आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक वरळी कोळीवाड्यात वाढलेला, दुसरा गिरगावातल्या चाळीत. आमची व्हिस्कीची आवड ही आधी वाचनाची आवड आहे, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. वीसेक वर्षांपूर्वी फोर्टातल्या पदपथावरच्या पथारीवर मायकेल जॅक्सन या नावाचे एक पुस्तक दिसले. गायकाविषयी काही असेल म्हणून उचलले, तर हा जॅक्सन निराळाच निघाला. यॉर्कशायरचा एक पत्रकार, ज्याने १९८९ साली स्कॉटलंडच्या माल्ट व्हिस्कींची जवळजवळ कोशवजा नोंद केली. त्या वेळी आयात मद्यावर दीडशे टक्क्यांच्या घरात शुल्क होते आणि तासिका तत्त्वावर मिळणाऱ्या मानधनात त्यांतली एकही बाटली बसत नव्हती. म्हणून आम्ही ती वाचली. बी.ए.ची मुले कादंबरी न वाचता तिच्यावरची समीक्षा वाचून परीक्षा देतात, त्यातलाच हा प्रकार.

पण त्या वाचनात एक चमत्कार घडला. आयला नावाचे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे एक बेट आहे. तिथे बार्लीला मोड आणून ती वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या वाळक्या थरांचा, धूर देतात. तो धूर दाण्यात, दाण्यातून मद्यात उतरतो. लाफ्रॉइग, लागाव्हुलिन, आर्डबेग या तिथल्या व्हिस्कींचे वर्णन करताना जाणकार जे शब्द वापरतात ते असे: समुद्री शेवाळ, आयोडीन, डांबर, ओला दोरखंड, धुरावलेली मासळी, खारा वारा. कोळीवाड्यात वाढलेल्या आमच्या मित्राने पुस्तक मिटले आणि म्हणाला, “हे वर्णन नाही, आमच्या गल्लीचा पत्ता आहे.” बांबूंच्या चौकटींवर वाळत घातलेले बोंबील, होडीच्या तळाला फासलेले डांबर, किल्ल्याच्या बाजूने येणारा ओहोटीचा दर्प. ज्या वासाबद्दल शाळेत त्याची टर उडवली जाई, त्याच वासाला कुणीतरी दूरदेशी गुण देत होते आणि वर त्याची किंमत लावत होते.

मराठीत असे शब्द आहेत का, हे पाहायला आम्ही बसलो तेव्हा पहिल्या बैठकीत निघालेली यादी उद्बोधक होती. पिण्याच्या क्रियेसाठी ढोसणे, झोकणे, रिचवणे, लावणे, मारणे. परिणामासाठी झिंगणे, तर्र, टुन्न, टल्ली. मापासाठी नवटाक, पावशेर, अद्धा, चपटी, खंबा, आणि देशी बारमधली ‘नाइन्टी’. उपहासासाठी तीर्थ. मराठी माणूस दारू किती प्याला आणि पिऊन त्याचे काय झाले, हे सांगायला भाषा समर्थ आहे. दारू कशी लागली, हे सांगायला मात्र ‘कडक’ या एका विशेषणापलीकडे तिच्याजवळ फारसे काही नाही. आंब्याच्या बाबतीत आपण असे दरिद्री नाही. हापूस, पायरी, रायवळ, साखऱ्या, खोबऱ्या, शेपू. तुरट, आंबूस, रसाळ, रेषाळ. मासळीच्या बाबतीत तर कोळणीशी स्पर्धा करण्याची छाती कुणाची नाही. जीभ शाबूत आहे, शब्द घडवण्याची ताकदही आहे. मग याच ठिकाणी ती मुकी का झाली?

दुसऱ्या बैठकीत आम्ही पिणाऱ्यांकडून बनवणाऱ्यांकडे वळलो आणि चित्र पालटले. माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीच्या झाडाची शिंदी. पहाटे उतरवलेली ती नीरा. पोय म्हणजे माडाचा न उमललेला तुरा. तो छेदून रस घेतला की त्या पोयीला नारळ धरत नाही, म्हणून नारळ हवा की माडी हा हिशोब झाडागणिक करावा लागतो. गोव्यात काजूच्या रसाचा पहिला उतारा तो हुर्राक, पुढे काजूलो, त्यापुढे फेणी. आणि फेणीचे नाते फेणाशी, फेसाशी. मोहाच्या फुलांची ती मोहाची. भट्टी, रसायन, धार. ‘पहिल्या धारेची’ हा तर वाक्प्रचारच होऊन बसला आहे. राजकारण्याच्या भाषणापासून लावणीपर्यंत कशालाही तो लावतात आणि तो मूळचा ऊर्ध्वपातनाचा पारिभाषिक शब्द आहे याची कुणाला आठवण राहत नाही. भट्टीतून प्रथम येते ती धार सर्वांत तेज असते. गंमत अशी की स्कॉटलंडचा कारागीर ही पहिली धार पेल्यात येऊ देत नाही. तिच्यात नको ती द्रव्ये अधिक असतात म्हणून ती बाजूला काढतो, शेवटची धारही काढतो आणि मधली तेवढी ठेवतो. आपण पहिल्या धारेची महती गातो. यात रुचीचा फरक आहे असे आम्ही आधी समजत होतो. पुढे कळले की तो सवडीचा फरक आहे. त्याकडे शेवटी येऊ.

एकूण काय, तर मराठीत मद्याची परिभाषा होती, पण ती भंडाऱ्याच्या, काजूवाल्याच्या आणि आदिवासीच्या तोंडी होती. लिहिणाऱ्याच्या हाती ती आली नाही. हे का झाले, याचे उत्तर वाङ्मयाच्या इतिहासापेक्षा अबकारीच्या इतिहासात आहे, अशा निष्कर्षाला आम्ही आलो आहोत.

मुंबई बेटांची होती तेव्हा वरळी हे त्यांतले एक. १७८०च्या दशकात हॉर्नबीच्या बांधाने वरळीजवळची मोठी खाडी बुजली तोवर भरतीचे पाणी थेट आत शिरत असे. या बेटांवर मासळी कोळ्यांची आणि माड भंडाऱ्यांचे, अशी स्थूल वाटणी होती. भंडारी कमरेला कोयती लावून माडावर चढे, रस उतरवी, विके, आणि त्याच रसाची लहानशा भट्टीत दारूही काढी. यावर कर होताच. कंपनी सरकारने आणि तिच्या आधी पोर्तुगीजांनीही माडावर कर घेतला. परंतु १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने जे केले ते निराळ्या जातीचे होते. रस काढण्याच्या झाडावरचा कर वाढवला, गाळण्याचा अधिकार मक्तेदारांच्या आणि मध्यवर्ती भट्ट्यांच्या हाती एकवटला. मुंबईपुरते सांगायचे तर समोरच्या किनाऱ्यावर उरणला मोहाच्या दारूच्या मोठमोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि तिथून ती पिंपांतून समुद्रमार्गे शहरात येऊ लागली. मोहाची फुले पंचमहालातून येत. स्वतःच्या दारातला माड सोडून शेकडो मैलांवरच्या फुलाची दारू पिण्याची पाळी कोकणपट्टीवर आली, कारण माड मोजणे अवघड आणि भट्टीवर पहारा बसवणे सोपे. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातेविषयी १९८५ साली ‘सबाल्टर्न स्टडीज’मध्ये लिहिलेल्या निबंधात ही प्रक्रिया तपशिलाने मांडली आहे. त्या निबंधाचा विषयच रूढीचा गुन्हा कसा झाला हा आहे.

आता याच्या शेजारी स्कॉटलंड ठेवा. तिथेही चोरट्या भट्ट्या होत्या, डोंगराडोंगरांत होत्या. १८२३च्या कायद्याने शुल्क निम्म्याहून खाली आणले आणि दहा पौंडांत परवाना देऊ केला. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो घेतला. शेजारचे चोरटे त्याच्यावर इतके संतापले की तो पिस्तुले बाळगून हिंडे. पण दहा-पंधरा वर्षांत चोरटा धंदा ओसरला आणि कालच्या चोरट्यांचे नातू कारखानदार झाले. आजही स्कॉच व्हिस्कीच्या वेष्टनावर कुठल्या ना कुठल्या पूर्वज तस्कराची कहाणी अभिमानाने छापलेली असते. तिकडे १८२३ने चोरट्यांना परवाना दिला. आपल्याकडे १८७८ने ज्यांचा परंपरेने हक्क होता त्यांना चोरटे केले. आमच्या मते मराठी जिभेचे मुकेपण तिथून सुरू होते. ज्या वस्तूचे नाव घेणे म्हणजे कबुलीजबाब देणे, तिच्या चवीचे वर्णन कोण लिहून ठेवील?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आम्ही दारूचे वकीलपत्र घेतले आहे असा ग्रह होईल. या धोरणाला पहिला विरोध केला तो दारूच्या विरोधकांनी. १८८० साली पुण्यात दारूच्या दुकानांना परवाने दिले जात असताना नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली टिळकांनी पुण्यात दुकानांवर निरोधन सुरू केले. सरकार महसुलासाठी लोकांना दारू पाजते, हा आरोप निराधार नव्हता. गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या बायका त्याच्या साक्षीदार होत्या. ‘बलुतं’मधला दया पवारांचा गोदीत राबणारा बाप आठवावा. पुढे महाराष्ट्रातल्या गावागावांत बायकांनी मतदान करून दुकाने बंद पाडली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असत आणि आडवी जिंके. या लोकशाही चिन्हयोजनेइतके बोलके चित्र मराठी कवितेत आम्हांला क्वचितच भेटले आहे.

अशा वातावरणात ‘एकच प्याला’ आले. गडकऱ्यांनी ते १९१७ साली लिहिले आणि १९१९च्या जानेवारीत ते गेल्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्याला रंगभूमीवर आणले. हे नाटक आम्ही दोघांनी मिळून तीसेक वेळा तरी शिकवले असेल. सुधाकर वकील आहे, त्याचा अपमान होतो, सनद जाते, तळीराम पहिला प्याला हाती देतो, आणि मग घसरण थेट विषाच्या प्याल्यापर्यंत. मराठी मनावर या नाटकाची इतकी पकड आहे की आपल्याकडे दारू म्हटली की पहिल्या प्याल्याला शेवटचा प्याला चिकटूनच येतो. परंतु शिकवता शिकवता एकदा वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, सुधाकर पितो तरी काय?” आम्ही गडबडलो. घरी येऊन नाटक पुन्हा चाळले. प्याल्यातल्या द्रव्याला रंग, वास, चव असल्याचे आम्हांला त्यात काही हाती लागले नाही. तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ दारूच्या समर्थनार्थ कोट्यांची आतषबाजी करतात, पण ती शब्दांची नशा आहे, दारूची नव्हे. तो प्याला चिन्ह आहे. आणि चिन्हाला चव नसते. शिवाय त्या नाटकात दारू पिणारे आहेत, सोसणारी सिंधू आहे, पण दारू गाळणारा नाही. ती कुठून आली, कुणाच्या हातची, हे विचारण्याचे कारणच नाटकाला पडत नाही.

दुसरा मार्ग माधव जूलियनांचा. उमर खय्यामच्या रुबायांवर त्यांनी आयुष्याचा मोठा भाग खर्चला. ‘द्राक्षकन्या’ आणि ‘मधुलहरी’ ही नावेच किती मोहक आहेत. मात्र ती मदिरा फारसीतून आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीतून आली. ती तत्त्वज्ञानाची मदिरा होती, आणि तिला माडाच्या बुंध्याचा स्पर्शही नव्हता. एकीकडे विषाचा प्याला, दुसरीकडे रूपकाचा पेला, आणि मधली, म्हणजे जी धार स्कॉटलंडचा कारागीर ठेवतो ती, आपल्या वाङ्मयातून वाहून गेली.

१ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. ती राबवणारे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः पारशी, गांधीजींचे हृदयरोगतज्ज्ञ; आणि दारूच्या धंद्यात पारशी समाजाचे मोठे भांडवल अडकलेले. महसुलाची खोट भरून काढायला मालमत्तेवर दहा टक्के कर बसला. काही महिन्यांतच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग न्यायालयात अडकून विरला. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५०पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. मोरारजी देसाई गृहमंत्री होते.

या कायद्याला फ्रामजी नसरवानजी बलसारा या मुंबईच्या नागरिकाने आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, बिअर इथपासून ओ-द-कोलोनपर्यंत जिनसा बाळगण्याचा आपला हक्क मान्य व्हावा, अशी त्यांची मागणी होती. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा मुख्यतः वैध ठरला. औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त द्रव्यांवरची बंदी तेवढी रद्द झाली. लष्करी मेसना दिलेली सवलत योग्य ठरली. रोहित डे यांच्या २०१८च्या ग्रंथात या खटल्यावर एक सुरेख प्रकरण आहे, आणि राज्यघटना सामान्य माणसाच्या हाती कशी आली हे त्यावरून समजते. आम्ही ते वाचून भारावलो आणि मग एक क्षुद्र प्रश्न मनात आला. न्यायालयापुढच्या त्या यादीत माडी कुठे होती?

कारण दारूबंदीतही वाट होतीच, पण ती जिन्याच्या दोन टोकांना दोन प्रकारची होती. डॉक्टरच्या दाखल्यावर प्रकृतीसाठी परवाना मिळे आणि परवान्यावर व्हिस्की मिळे. म्हणजे मलबार हिलवरच्या माणसाला व्हिस्की हे औषध होते. ‘परमिट रूम’ हा शब्द त्या काळाचा. तो आजही मुंबईच्या बारच्या पाट्यांवर टिकून आहे, आणि कायद्याच्या कागदावर परवान्याची अटही टिकून आहे. फक्त ती कुणी विचारत नाही. कायद्याच्या नावातले ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, ‘दारूबंदी’ मात्र तशीच आहे. आपण तांत्रिकदृष्ट्या दारूबंदी असलेल्या राज्यात राहतो, हे वर्गात सांगितले की मुले आम्हांला वेड्यात काढतात.

जिन्याच्या खालच्या टोकाला हातभट्टी होती. आमच्या कोळीवाड्यातल्या मित्राची आते त्या टोकाला उभी होती. घोव मासेमारीला गेलेला, पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, घरात चार तोंडे. गूळ आणि नवसागर यांची दारू तेव्हा शहरभर निघत होती. नवसागर हे मूळचे कल्हईवाल्याचे द्रव्य. ते रसायन लवकर फसफसावे म्हणून घालतात. खाडीच्या चिखलात पिंपे पुरून ठेवत, काठावर रात्री गाळत आणि मोटारीच्या चाकाच्या ट्यूबमध्ये भरून ती शहरात नेत. रबराचा वास हा व्हिस्कीतला दोष मानतात. आतेच्या गिऱ्हाइकांना तो ओळखीची खूण वाटत असावा. ती स्वतः कधी भट्टीवर बसली नाही, असे ती पूर्वी सांगे. अलीकडे, पंच्याऐंशीच्या घरात आल्यावर, बसत होतो असे सांगते. तिला दोनदा पकडले. दुसऱ्या वेळी तीन महिने आत होती आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमच्या मित्राचे वडील, तिला भेटायला बोंबलाचे कालवण घेऊन जात. ही हकिकत त्यांच्या घरात चाळीस वर्षे कुणी उच्चारली नाही. आमच्या मित्रालाही ती कळली ती स्वतः प्राध्यापक झाल्यावर.

त्याच वर्षांत दमणहून, म्हणजे १९६१पर्यंत पोर्तुगीजांच्या असलेल्या मुलखातून, चोरटी विलायती दारू मुंबईच्या किनाऱ्यावर उतरत असे, हे सर्वश्रुत आहे. आतेने व्हिस्की पहिल्यांदा पाहिली ती तशीच, कुणाच्या तरी घरी, गोणपाटात गुंडाळलेली. प्यायली नाही. बाटली चौकोनी होती एवढेच तिला आठवते.

इथे आम्हांला एरिस्के बेटाची आठवण होते. १९४१च्या फेब्रुवारीत ‘पॉलिटिशियन’ नावाचे जहाज स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या या छोट्या बेटाजवळ खडकावर चढले. पोटात व्हिस्कीच्या अडीच लाखांहून अधिक बाटल्या. बेटावरच्या कोळ्यांनी रात्रीच्या रात्री होड्या नेऊन त्या उतरवल्या, गवतात पुरल्या, लपवल्या. अबकारीवाले आले, काहींना तुरुंगवासही घडला. पण १९४७ साली कॉम्प्टन मॅकेन्झीने त्यावर विनोदी कादंबरी लिहिली, १९४९ला तिच्यावर चित्रपट निघाला, आणि ते कोळी सबंध देशाचे लाडके झाले. आमच्या आतेला कुणी मॅकेन्झी मिळाला नाही. मिळाला असता तर तिने त्याला दारात उभा केला असता का, हीही शंकाच आहे.

तुलना करायची तर मॅकेन्झीपेक्षा नील गन् यांच्याशी करावी. गन् हे हेरिंग मासळीच्या होडीच्या तांडेलाचे चिरंजीव. १९११ साली अबकारी खात्यात लागले, पुढे इन्व्हर्नेसच्या एका भट्टीवर सरकारी अधिकारी म्हणून बरीच वर्षे बसले. १९३५ साली त्यांनी ‘व्हिस्की अँड स्कॉटलंड’ लिहिले आणि १९४१ साली ‘द सिल्व्हर डार्लिंग्ज’ ही हेरिंगच्या मासेमारीवरची कादंबरी. मासळी आणि मद्य दोन्ही एकाच लेखणीत, आणि त्या लेखणीच्या मागे कोळ्याचे घर. त्यांच्याआधी बर्न्स हा कवीही १७८९पासून अबकारी खात्यातच नोकरीला होता. तिकडे दारू गाळणारा, तिच्यावर कर घेणारा आणि तिच्यावर लिहिणारा हे एकाच गावचे असू शकत होते. आपल्याकडे गाळणारा भंडारी वा कोळी, कर घेणारा गोरा साहेब, विकणारा मक्तेदार आणि लिहिणारा पांढरपेशा. या चौघांची कधी एका ओट्यावर गाठ पडली नाही. भाषा ओट्यावर घडते.

आमच्या व्हिस्कीप्रेमाविषयी आम्हांला वाटणारी अस्वस्थता या ठिकाणची आहे. पीट, शेरीचे पिंप, समुद्री मिठाचा भास ही सगळी परिभाषा आम्ही उसनी आणली, आणि ती उसनी आणू शकलो कारण आमच्या हाती पुस्तक होते. व्हिस्कीचे वाचन केले की व्यसन हे आवड होते. तीच माणसे, तेच रसायन, मग देशी बारमधल्या बाकावर बसलेला हमाल मात्र दारुडा. आणि रसायनही बरेचसे तेच आहे, हे पिणाऱ्यांना फारसे ठाऊक नसते. भारतात बनणारी बहुतेक स्वस्त व्हिस्की साखर कारखान्यांच्या मळीपासून निघालेल्या मद्यार्कावर उभी आहे; युरोपीय संघ तिला व्हिस्की म्हणू देत नाही. १९७३च्या नियमांनंतर अधिकृत झालेली देशी संत्राही त्याच मळीची. प्रवरेच्या काठच्या उसातून एक बाटली वर चढते आणि दुसरी खाली उतरते, मध्ये फक्त वेष्टन असते. बार्लीच्या खऱ्या माल्टवर आधारलेली भारतीय व्हिस्की जगाने ओळखली ती २००४ साली, बंगळूरच्या अमृतने ती आधी ग्लासगोत नेऊन विकली तेव्हा. स्वतःच्या घरी प्रतिष्ठा मिळण्याआधी विलायतेला जाऊन यावे लागते, हा अनुभव मराठी समीक्षेला नवा नाही.

गोव्याने २००९ साली फेणीसाठी भौगोलिक निर्देशांक मिळवला आणि पुढे तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. काजूवाल्याची परिभाषा आता वेष्टनावर आली आहे. मुंबईच्या माडीला हे भाग्य लाभण्याचा संभव नाही, कारण माडच उरले नाहीत. नीरेची केंद्रे आहेत. पहाटे नीरा असते, ऊन चढले की ती आपोआप माडी होते, आणि सकाळ-दुपारच्या मधल्या त्या दोन-तीन तासांत कायदा उभा असतो. हातभट्टी मात्र गेली नाही. जून २०१५मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, त्यांत प्राध्यापक कुणी नव्हता.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही एक आयलाची बाटली घेऊन आतेकडे गेलो. तिचे घर गोल्फादेवीच्या देवळापासून जवळच, आत वळणाऱ्या गल्लीत. खिडकीतून सागरी सेतूचे खांब दिसतात. तिने पेला नाकाशी नेला, बराच वेळ नेला, आणि म्हणाली, “डांबर हाय.” मग भाच्याकडे बघून, “वास घेतंस का पितंस रं तू?” तिने चमचाभर मद्य बशीत ओतून काडी लावली. निळी ज्योत निघाली तशी मान हलवली. दारूची तेजी अशी पारखायची असते, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. इंग्लंडात पूर्वी दारू बंदुकीच्या दारूत मिसळून पेटवून पाहत आणि त्यावरून ‘प्रूफ’ हा शब्द रूढ झाला, हे आम्ही तिला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने ऐकून घेतले. मग पहिल्या धारेचा प्रश्न आम्ही विचारला, की ती बाजूला का काढत नव्हता. तिने बाटलीवरचा आकडा कसला म्हणून उलट विचारले. ही बारा वर्षे लाकडी पिंपात ठेवलेली आहे, त्यातला काही अंश दरसाल हवेत उडून जातो आणि तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, असे आम्ही समजावले.

“बारा वर्सं?” ती म्हणाली. “आमाला बारा तास नव्हते मिलत. पोलीस येयाचे.”

मग तिने शेजारच्या पोराला मासळीच्या पेटीतला बर्फ आणायला पिटाळले. माल्टमध्ये बर्फ घालणे पुस्तकांनी निषिद्ध मानले आहे, हे तिला सांगण्याचे धाडस आम्हां दोघांनाही झाले नाही.